वाचकांचे प्रश्न : उत्क्रांतीचा सिद्धान्त कसा घडत गेला

उत्क्रांतीविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. उत्तरे वाचताना एक भेद ध्यानात ठेवावा, कारण आलेल्या पत्रांतील बहुतेक शंका तो न केल्यामुळेच निर्माण झालेल्या दिसतात. उत्क्रांती या एकाच नावाखाली आपण तीन स्वतंत्र विधाने करीत असतो. सजीवांच्या प्रजाती काळाच्या ओघात बदलतात, हे पहिले विधान. आजच्या प्रजाती समान पूर्वजांपासून शाखा फुटत फुटत निर्माण झाल्या, हे दुसरे. आणि परिस्थितीशी जुळवून घेणारे बदल प्रामुख्याने नैसर्गिक निवडीमुळे, म्हणजे उपयोगी फरक असलेले जीव अधिक टिकून अधिक संतती मागे ठेवतात यामुळे, घडतात, हे तिसरे. ही विधाने वेगवेगळ्या काळी मांडली गेली, त्यांना मान्यताही एकदम मिळाली नाही, आणि प्रत्येकाचे पुरावे निराळे आहेत.

प्रश्न : डार्विनच्या आधी हा विचार कोणालाच सुचला नव्हता का? शाळेत आम्हाला लामार्क शिकवला तो केवळ ‘चुकलेला शास्त्रज्ञ’ म्हणून.

उत्तर : प्रजाती बदलतात हा विचार डार्विनच्या जन्माआधीपासून युरोपात वावरत होता. फ्रान्समधील ब्युफाँ यांनी १७४९ पासून प्रसिद्ध होत गेलेल्या निसर्गेतिहासाच्या खंडांत परिस्थितीनुसार प्राण्यांची रूपे पालटत असावीत असे सुचवले होते. डार्विनचे आजोबा इरॅस्मस डार्विन यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस सर्व उष्ण रक्ताचे प्राणी एकाच सजीव तंतूपासून निर्माण झाले असावेत, अशी कल्पना मांडली होती. मात्र या विचाराची पहिली सुसंगत मांडणी लामार्क यांचीच होती, आणि त्यांच्याविषयीची आपली तक्रार मला रास्त वाटते.

लामार्क पॅरिसच्या निसर्गेतिहास संग्रहालयात अपृष्ठवंशीय प्राण्यांचे प्राध्यापक होते. शंखशिंपल्यांचे आजचे नमुने आणि जीवाश्म शेजारी ठेवून पाहताना त्यांना दोहोंत सलगपणा दिसू लागला. १८०९ साली, म्हणजे डार्विनच्या जन्मवर्षी, त्यांचा मुख्य ग्रंथ प्रसिद्ध झाला. वापरामुळे अवयव वाढतो, न वापरल्यामुळे तो क्षीण होतो आणि असे मिळवलेले गुण पुढच्या पिढीत उतरतात, हा त्यातील सर्वांत प्रसिद्ध भाग. पण मिळवलेले गुण वारशाने उतरतात ही समजूत त्या काळी सर्वत्र होती, ती काही लामार्क यांची खास कल्पना नव्हती, आणि स्वतः डार्विनही आयुष्यभर ती काही प्रमाणात मानत होते. ज्या जिराफाच्या मानेवरून लामार्क यांची ओळख करून दिली जाते, त्याचा उल्लेख त्यांच्या ग्रंथात अगदी थोडक्यात येतो. लामार्क यांचे खरे वेगळेपण त्यांच्या शिडीच्या कल्पनेत आहे. साधे जीव सतत नव्याने निर्माण होतात आणि आपापल्या मार्गाने गुंतागुंतीच्या दिशेने चढत जातात, असे ते मानत. म्हणजेच पहिले विधान त्यांनी निर्भयपणे केले, परंतु एका मुळापासून फुटलेल्या शाखांचे चित्र त्यांच्या सिद्धान्ताच्या केंद्रस्थानी नव्हते.

त्यांचे बलाढ्य विरोधक म्हणजे त्याच संग्रहालयातील क्युव्हिए. भारतीय हत्ती, आफ्रिकी हत्ती आणि मॅमथ या तीन वेगळ्या प्रजाती असून मॅमथ पृथ्वीवरून कायमचा नाहीसा झाला आहे, हे त्यांनी १७९६ साली हाडांच्या तुलनेवरून दाखवले आणि प्रजाती नष्ट होऊ शकतात ही गोष्ट विज्ञानात पक्की झाली. प्रजाती बदलतात हे मात्र त्यांना मान्य नव्हते. नेपोलियनच्या स्वारीनंतर इजिप्तहून आणलेले आयबिस पक्ष्यांचे ममी त्यांनी तपासले आणि हजारो वर्षांपूर्वीचा तो पक्षी आजच्यासारखाच असल्याचे दाखवले. एवढा काळ फार अपुरा आहे, हे लामार्क यांचे उत्तर होते आणि ते बरोबर होते. तरीही पुरेसा काळ खरोखर उपलब्ध होता, हे सिद्ध करण्याचे साधन तेव्हा कोणाकडेच नव्हते.

प्रश्न : डार्विनने वॉलेसचे श्रेय हिरावून घेतले असे अनेकदा वाचनात येते. त्यात तथ्य किती?

उत्तर : तारखा नीट लावल्या तर चित्र स्पष्ट होते. बीगल जहाजावरील डार्विन यांचा प्रवास डिसेंबर १८३१ मध्ये सुरू झाला आणि ऑक्टोबर १८३६ मध्ये संपला. गालापागोस बेटांवर पाऊल ठेवताच त्यांना सिद्धान्त सुचला, ही लोकप्रिय कथा खरी नाही. तेथील फिंच पक्ष्यांचे नमुने घेताना कोणता पक्षी कोणत्या बेटावरचा याची नोंदही त्यांनी नीट ठेवली नव्हती. बेटागणिक फरक त्यांना जाणवला तो मॉकिंगबर्ड पक्ष्यांत. लंडनला परतल्यावर, १८३७ च्या सुरुवातीला, पक्षितज्ज्ञ जॉन गूल्ड यांनी दिसायला परस्परांहून इतके भिन्न असलेले ते पक्षी सगळे फिंचच्याच जवळच्या प्रजाती असल्याचे सांगितले आणि मग डार्विन यांच्या विचाराला दिशा मिळाली. त्याच वर्षी त्यांनी वहीत शाखा फुटलेल्या झाडाची ती प्रसिद्ध आकृती काढली. हे दुसरे विधान झाले. तिसरे विधान त्यांना १८३८ च्या सप्टेंबर अखेरीस माल्थस यांचा लोकसंख्येवरील निबंध वाचताना गवसले. जगू शकतील त्याहून कितीतरी अधिक जीव जन्माला येतात. त्यांच्यात लहानसहान फरक असतात. ज्यांचे फरक त्या परिस्थितीत उपयोगी ठरतात ते अधिक संख्येने टिकतात, अधिक संतती मागे ठेवतात आणि ते फरक वारशाने पुढे जातात. एवढी साधी साखळी आहे, आणि तिला ना कोणाच्या इच्छेची गरज आहे, ना आधीपासून ठरलेल्या उद्दिष्टाची.

१८४२ साली त्यांनी या विचाराचा छोटा आराखडा लिहिला आणि १८४४ साली त्याचा विस्तृत निबंध केला. आपल्या अकाली मृत्यूनंतर तो प्रसिद्ध करावा असे पत्नीसाठी लिहूनही ठेवले. त्यानंतर सुमारे आठ वर्षे त्यांनी खडकांना आणि जहाजांना चिकटून वाढणाऱ्या बार्नॅकल या सागरी जीवांच्या वर्गीकरणात घालवली. या काळाला ‘दिरंगाई’ म्हणण्याची पद्धत आहे, पण मला ते पटत नाही. एकाच प्रजातीतील जीवांत किती फरक असू शकतात, हे त्यांना या कामातूनच बारकाईने कळले.

आल्फ्रेड रसेल वॉलेस यांची परिस्थिती अगदी वेगळी होती. त्यांच्याकडे वडिलोपार्जित संपत्ती नव्हती. कीटक आणि पक्ष्यांचे नमुने गोळा करून ते विकणे हाच त्यांचा चरितार्थ होता. ॲमेझॉनच्या खोऱ्यात चार वर्षे काढून परतताना १८५२ साली त्यांचे जहाज समुद्रात जळाले आणि सोबतचा बहुतेक संग्रह नष्ट झाला. दोनच वर्षांनी ते मलाय द्वीपसमूहाकडे निघाले आणि तेथे आठ वर्षे राहिले. प्रत्येक नवी प्रजाती तिच्याशी जवळचे नाते असलेल्या जुन्या प्रजातीच्याच परिसरात आणि तिच्या पाठोपाठ अवतरते, हा नियम त्यांनी १८५५ साली छापून मांडला होता. १८५८ च्या सुरुवातीला तापाने अंथरुणाला खिळलेले असताना, माल्थस यांचा निबंध आठवून, त्यांनाही नैसर्गिक निवडीची कल्पना सुचली. ती लिहून त्यांनी डार्विन यांच्याकडेच पाठवली. हे लिखाण १८ जून रोजी हाती पडल्याचे डार्विन यांनी आपल्या पत्रात म्हटले आहे.

श्रेय कोणाचे, या पेचातून डार्विन यांचे मित्र, भूशास्त्रज्ञ लायेल आणि वनस्पतिशास्त्रज्ञ हूकर, या दोघांनी मार्ग काढला. १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत डार्विन यांच्या जुन्या लिखाणातील उतारे आणि वॉलेस यांचा निबंध एकत्र वाचला गेला. डार्विन उपस्थित नव्हते. त्यांचा तान्हा मुलगा नुकताच स्कार्लेट तापाने गेला होता. वॉलेस हजारो मैल दूर होते आणि त्यांची परवानगी कोणी घेतली नव्हती. हा अन्याय म्हणावा लागेल. परंतु चोरी झाली नाही : डार्विन यांचे १८४४ चे लिखाण हूकर यांनी पूर्वीच वाचलेले होते. वॉलेस यांनी स्वतः या व्यवस्थेबद्दल समाधान व्यक्त केले आणि १८८९ साली आपल्या ग्रंथाला डार्विनचेच नाव दिले. डार्विन यांनीही १८८१ साली वॉलेस यांना सरकारी निवृत्तिवेतन मिळावे म्हणून खटपट केली आणि ते मिळवून दिले. जिराफाची मान वापराने लांबली नसून जन्मतः लांब मानेचे जिराफ टंचाईत टिकले, हे आपल्या पाठ्यपुस्तकांतील ‘डार्विनचे’ उत्तर मुळात वॉलेस यांच्या १८५८ च्या निबंधात आहे, ही गोष्ट अधिक लोकांना ठाऊक असायला हवी.

प्रश्न : १८५९ च्या ग्रंथानंतर वैज्ञानिकांनी सिद्धान्त लगेच स्वीकारला का?

उत्तर : सुरुवातीला केलेला भेद येथे सर्वाधिक उपयोगी पडतो. डार्विन यांचा ‘प्रजातींचा उगम’ हा ग्रंथ २४ नोव्हेंबर १८५९ रोजी प्रसिद्ध झाला. त्यानंतर दहा-पंधरा वर्षांतच प्रजाती बदलतात आणि त्यांचे पूर्वज समान आहेत, ही दोन विधाने बहुतेक जीवशास्त्रज्ञांनी मान्य केली. १८६१ साली जर्मनीत पिसे असलेला, पण दात आणि हाडांची लांब शेपटी असलेला आर्किऑप्टेरिक्स हा जीवाश्म वर्णिला गेला, तेव्हा सरपटणारे प्राणी आणि पक्षी यांमधील दुवा समोर आला. नैसर्गिक निवड मात्र पुढची सत्तर वर्षे वादात राहिली, आणि हा विरोध केवळ धार्मिक स्वरूपाचा होता असे समजणे त्या विरोधकांवर अन्याय करणारे आहे. त्यांच्या दोन हरकती अत्यंत गंभीर होत्या.

पहिली हरकत काळाची. नैसर्गिक निवडीचे काम मंद गतीने चालते, आणि डार्विन यांनी लायेल यांच्या भूशास्त्राच्या आधारे अफाट काळ गृहीत धरला होता. दक्षिण इंग्लंडमधील एका खोऱ्याची झीज होण्यास ३० कोटी वर्षे लागली असावीत, असा हिशोबही त्यांनी दिला होता. टीका झाल्यावर तो त्यांना काढून टाकावा लागला. विल्यम टॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी १८६२ साली पृथ्वी थंड होण्याच्या वेगावरून तिचे वय २ कोटी ते ४० कोटी वर्षांच्या दरम्यान असल्याचे मांडले आणि पुढे ते २ ते ४ कोटी वर्षांपर्यंत खाली आणले. भौतिकशास्त्राची प्रतिष्ठा त्यांच्या मागे होती, आणि डार्विन यांना ही हरकत मृत्यूपर्यंत छळत राहिली. पृथ्वीच्या अंतर्भागातील उष्णता घन पदार्थातून जाते तशीच केवळ वहनाने बाहेर येते, हे केल्विन यांचे गृहीतक चुकीचे असल्याचे त्यांचेच माजी सहायक जॉन पेरी यांनी १८९५ साली दाखवले. पुढच्याच वर्षी किरणोत्साराचा शोध लागला आणि त्यातून खडकांचे वय मोजण्याची पद्धत हाती आली. १९५६ साली क्लेअर पॅटरसन यांनी उल्कापाषाणांतील शिशाच्या मोजमापावरून पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे ठरवले. डार्विन यांनी मागितला होता त्याहून कितीतरी अधिक काळ हाती आला.

दुसरी हरकत आनुवंशिकतेची होती, आणि ती थेट सिद्धान्ताच्या मर्मावर होती. आईवडिलांचे गुण संततीत मिसळतात, असे त्या काळी सर्वसाधारणपणे मानले जाई. १८६७ साली अभियांत्रिकीचे प्राध्यापक फ्लीमिंग जेंकिन यांनी दाखवले की, तसे असेल तर एखाद्या जीवात आलेला नवा उपयोगी गुण पिढीगणिक अर्धा अर्धा होत विरून जाईल. पांढऱ्या रंगाच्या हौदात पडलेला काळ्या रंगाचा थेंब कितीही चांगला असला, तरी त्याने हौद काळा होत नाही. मग निवड कशाची होणार? डार्विन यांच्याकडे याचे समाधानकारक उत्तर नव्हते, आणि १८६८ साली त्यांनी आनुवंशिकतेची जी कल्पना मांडली ती टिकली नाही.

उत्तर मात्र छापून झाले होते. ब्रनो येथील मठात ग्रेगोर मेंडेल यांनी आठ वर्षे वाटाण्याच्या हजारो रोपांचे संकर केले आणि १८६५ साली तेथील निसर्गविज्ञान मंडळात निष्कर्ष वाचून दाखवले. पुढच्या वर्षी ते प्रसिद्धही झाले. गुळगुळीत आणि सुरकुतलेल्या दाण्यांच्या संकरानंतर दुसऱ्या पिढीत त्यांना ५४७४ दाणे गुळगुळीत आणि १८५० सुरकुतलेले मिळाले, म्हणजे जवळजवळ तीनास एक. सुरकुतलेपणाचा गुण एका पिढीत दिसेनासा झाला आणि पुढच्या पिढीत जसाच्या तसा परत आला. याचा अर्थ तो मिसळून विरला नव्हता. जेंकिन यांच्या हरकतीचे उत्तर एवढ्यातच होते. तरीही या कामाकडे चौतीस वर्षे जवळजवळ कोणी लक्ष दिले नाही. १९०० साली ह्यूगो द व्रीस आणि कार्ल कोरेन्स यांच्या कामातून ते पुन्हा प्रकाशात आले.

यानंतर दोन्ही विचार सहज जुळले असतील असे वाटते, पण घडले उलटेच. मेंडेलच्या अनुयायांना उत्क्रांती मोठ्या उड्यांनी होते असे वाटत होते, तर डार्विनच्या अनुयायांचा भर लहान, सलग फरकांवर होता. इंग्लंडमध्ये मेंडेलच्या बाजूने बेटसन यांचा गट आणि डार्विनच्या बाजूने पिअर्सन व वेल्डन यांचा गट, असा कडवा वाद झाला. १९१८ साली रोनाल्ड फिशर यांनी गणिताने दाखवले की, उंचीसारख्या गुणावर अनेक जनुकांचा थोडा थोडा परिणाम होत असेल, तर मेंडेलच्या नियमांतूनच सलग फरक निर्माण होतात. म्हणजे भांडण मुळात नव्हतेच. त्यानंतर फिशर, जे. बी. एस. हाल्डेन आणि सूअल राइट यांनी निवड, उत्परिवर्तन (जनुकांत अचानक होणारे बदल) आणि योगायोग यांमुळे जनुकांचे प्रमाण कसे बदलते याचे गणित उभे केले. डॉबझान्स्की यांनी १९३७ साली ते प्रत्यक्ष निसर्गातील माश्यांच्या अभ्यासाशी जोडले. मायर यांनी नव्या प्रजाती कशा वेगळ्या होतात हे मांडले आणि सिम्प्सन यांनी जीवाश्मांचा पुरावा त्याच चौकटीत बसवला. तिसऱ्या विधानाला व्यापक मान्यता मिळाली ती या टप्प्यावर, ग्रंथ प्रसिद्ध झाल्यानंतर जवळजवळ ऐंशी वर्षांनी. माझ्या मते या सिद्धान्ताच्या इतिहासातील सर्वांत शिकण्यासारखा भाग हाच आहे, आणि सामान्य वाचनात नेमका तोच गाळला जातो.

प्रश्न : माणूस माकडापासून झाला असेल, तर आजही माकडे कशी आहेत?

उत्तर : आजच्या कोणत्याही माकडापासून माणूस झाला, असे सिद्धान्त म्हणत नाही. माणूस आणि चिंपांझी यांचा समान पूर्वज सुमारे ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी होता. तो ना माणूस होता ना आजचा चिंपांझी. त्यापासून फुटलेल्या शाखा आपापल्या मार्गाने बदलत आल्या. एका शाखेत बदल झाला म्हणून दुसरी नाहीशी व्हावी, असे कारण नाही. या नात्याचा एक पुरावा आपल्या पेशींतच आहे. चिंपांझीत गुणसूत्रांच्या २४ जोड्या असतात आणि माणसात २३. समान पूर्वज असेल तर ही एक जोडी गेली कुठे, हा प्रश्न उरतो. माणसाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्राच्या मध्येच, एरवी फक्त टोकांना आढळणारी डीएनएची मालिका समोरासमोर जोडलेली सापडते. दोन गुणसूत्रे टोकाशी जोडली गेल्याची ती खूण आहे.

प्रश्न : उत्क्रांती म्हणजे ‘बळी तो कान पिळी’ हा निसर्गाचा कायदा, असे समजावे काय?

उत्तर : नाही. निवडीचा हिशोब संततीचा असतो, बळाचा नव्हे. मोराचा पिसारा पळताना अडचणच करतो, तरी मादीच्या पसंतीमुळे तो टिकला, हे डार्विन यांनी १८७१ साली सविस्तर मांडले. कामकरी मधमाशी सहसा स्वतः प्रजननच करीत नाही. ती आपल्या आईची संतती वाढवते. नातेवाइकांना मदत करणारी जनुके कोणत्या अटीवर पसरू शकतात, याचे गणित विल्यम हॅमिल्टन यांनी १९६४ साली दिले. शिवाय निसर्गात जे घडते त्यावरून माणसांनी कसे वागावे हे ठरत नाही. ज्यांनी या सिद्धान्ताच्या नावाखाली वंशश्रेष्ठत्व मांडले, त्यांनी विज्ञानाचा गैरवापर केला.

प्रश्न : उत्क्रांती होताना कोणी पाहिली आहे काय? आणि आता या विषयात नवे काही उरले आहे का?

उत्तर : पाहिली आहे, आणि मोजलीही आहे. गालापागोसमधील डॅफ्ने मेजर या छोट्या बेटावर पीटर आणि रोझमेरी ग्रँट यांनी १९७३ पासून फिंच पक्ष्यांना कडी घालून, त्यांच्या चोची मोजून पिढ्यान् पिढ्यांची नोंद ठेवली. १९७७ च्या दुष्काळात मऊ, लहान बिया संपल्या, कठीण बिया उरल्या आणि त्या फोडू शकणारे जाड चोचीचे पक्षी अधिक प्रमाणात वाचले. त्यांच्या पिलांच्या चोचीही आधीच्या सरासरीपेक्षा जाड निघाल्या. पुढे १९८३ च्या अतिवृष्टीनंतर लहान बियांचे प्रमाण वाढले आणि निवडीची दिशा उलटली. प्रयोगशाळेतील उदाहरण रिचर्ड लेन्स्की यांचे. १९८८ साली त्यांनी ई. कोलाय जिवाणूच्या बारा वसाहती सुरू केल्या आणि दर ५०० पिढ्यांनी नमुने गोठवून ठेवले. सुमारे ३१ हजार पिढ्यांनंतर एका वसाहतीत ऑक्सिजनच्या उपस्थितीत सिट्रेट या पदार्थावर वाढण्याची क्षमता आली, जी या जिवाणूत एरवी नसते. गोठवलेल्या नमुन्यांपासून प्रयोग पुन्हा केला, तेव्हा ठरावीक पिढ्यांनंतरच्या नमुन्यांतच ती क्षमता पुन्हा उद्भवली. म्हणजे आधी घडलेल्या एखाद्या बदलाने तिची वाट तयार केली होती.

जीवाश्मांच्या बाबतीत तर भाकीत करून शोध घेता येतो. मासे आणि चतुष्पाद यांमधला प्राणी कोणत्या वयाच्या आणि कोणत्या प्रकारच्या खडकात सापडायला हवा, हे आधी ठरवून नील शुबिन आणि त्यांचे सहकारी कॅनडाच्या उत्तर ध्रुवीय भागात गेले. अनेक मोहिमांनंतर २००४ साली त्यांना सुमारे ३७.५ कोटी वर्षांपूर्वीचा टिकटालिक सापडला : अंगावर खवले आणि कल्ले, पण मान मोकळी आणि परांच्या आत मनगटासारखी हाडे.

नवे तर पुष्कळ उरले आहे. मोटो किमुरा यांनी १९६८ साली मांडले की, रेणूंच्या पातळीवरील बहुसंख्य बदल ना उपयोगी असतात ना घातक, ते केवळ योगायोगाने पसरतात. निवडीचा वाटा किती आणि योगायोगाचा किती, यावरची चर्चा अजून चालू आहे. लिन मार्गुलिस यांनी १९६७ साली पेशीतील तंतुकणिका (पेशीला ऊर्जा पुरवणारे मायटोकॉन्ड्रिया) हे मुळात स्वतंत्र जिवाणू असल्याचे मांडले. ते पुढे डीएनएच्या पुराव्याने सिद्ध झाले. जिवाणू परस्परांशी जनुकांची देवघेव करतात, त्यामुळे त्यांच्या बाबतीत वंशवृक्षाच्या फांद्या जागोजागी एकमेकींना जोडलेल्या दिसतात. पहिला जीव कसा निर्माण झाला, हा प्रश्न या तिन्ही विधानांच्या कक्षेबाहेरचा असून त्यावरचे संशोधन मुख्यतः रसायनशास्त्रात चालते. डार्विन यांनीही १८५९ च्या ग्रंथात त्याचे उत्तर देण्याचा प्रयत्न केला नव्हता.